छायाचित्रांतील शतक आणि चौकटीबाहेरचे पनवेल

विसाव्या शतकाचा इतिहास छायाचित्रांतून सांगणारे ग्रंथ आता आपल्या परिचयाचे झाले आहेत. गुळगुळीत जाड कागद, कृष्णधवल चित्रे आणि खाली दोन ओळी. पाने उलटीत गेले की महायुद्धे, फाळणी, चंद्रावरचे पाऊल असे सारे शतक तासाभरात डोळ्यांपुढून सरकते. अशा ग्रंथांविषयी आम्ही काहीसे साशंक असतो. काय घडले ते चित्र दाखविते. का घडले हे सांगण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नसते. तथापि सबीना गडिहोक यांचा होमाई व्यारावाला यांच्यावरील 'इंडिया इन फोकस' (२००६) हा इंग्रजी ग्रंथ आम्ही पुन्हा पुन्हा उघडतो. याचे कारण असे की, येथे चित्रांसोबत चित्रे काढणारीही बोलते.

होमाईबाईंचा जन्म १९१३ साली नवसारीस झाला. वडील नाटक मंडळीत नट, म्हणून बालपण फिरतीवर गेले; शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात झाले. पुढे पती झालेल्या माणेकशांकडून त्या छायाचित्रण शिकल्या, आणि आरंभी त्यांची चित्रे माणेकशांच्याच नावावर छापली जात. १९४२ साली त्या दिल्लीस ब्रिटिश माहिती सेवेत रुजू झाल्या. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन, सायकलवरून हिंडणाऱ्या या बाईंना पुढाऱ्यांच्या सभांतून फारसे कोणी अडवीत नसे. बाईमाणूस काय करणार, असाच त्यामागचा समज असावा!

जून १९४७ मधील काँग्रेस समितीच्या बैठकीचे त्यांचे चित्र पाहावे. फाळणीच्या योजनेवर मतदान चालू आहे आणि हात वर गेले आहेत. इतकेच. त्या हातांपैकी कोणता खुशीने वर गेला आणि कोणता नाइलाजाने, हे कॅमेऱ्यास कळत नाही. परंतु लाखोंचे संसार उद्ध्वस्त करणारा निर्णय इतक्या साध्या हालचालीने होतो, हे कोणत्याही इतिहासकाराच्या प्रकरणापेक्षा या चित्रातून अधिक ठसते, हे आम्ही मान्य करतो.

त्याहूनही मोलाचे वाटते ते न काढलेले चित्र. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाईबाई गांधीजींच्या प्रार्थनासभेस निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जाऊ, असे सांगून पतीने त्यांना माघारी बोलाविले. ती खंत त्यांना जन्मभर राहिली. अंत्ययात्रेची त्यांची चित्रे उपलब्ध आहेत. छायाचित्रांच्या इतिहासाला अशी भोके असतात, आणि ती उघडपणे दाखविणारा ग्रंथ प्रामाणिक समजावा.

नेहरूंची चित्रे सर्वांस ठाऊक आहेत. 'छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई' या फलकाशेजारी पंतप्रधान उभे असलेले विमानतळावरील चित्र पाहून आजही हसू फुटते. मात्र कोणाचे हसे करण्यासाठी होमाईबाईंनी कॅमेरा वापरला नाही. पुढे छायाचित्रकारांचा दंगा वाढला, त्यांच्यातील शिस्त गेली, आणि बाईंनी १९७० मध्ये हे काम सोडले.

येथे आमचा खरा आक्षेप सुरू होतो. तो होमाईबाईंवर नाही. त्यांना नेमून दिलेले काम दिल्लीचे होते. आक्षेप आहे तो अशा चित्रांची माळ ओवून तिला देशाचे शतक म्हणण्यावर. ज्या १९७० साली त्यांनी कॅमेरा ठेवला, त्याच साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाच्या फेऱ्यात आल्या. पनवेलच्या पंचक्रोशीसाठी शतक बदलले ते तेव्हा. परंतु भातखाचरे आणि मिठागरे गेली ती नोटिसा, पंचनामे आणि सात-बाराच्या उताऱ्यांतून. त्या घटनेला व्यासपीठ नव्हते, वर गेलेले हातही नव्हते. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे प्राण घेतले. शतकाच्या किती चित्रग्रंथांत त्यांना जागा आहे? ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या सोहळ्याची चित्रे विपुल निघाली. पण धावपट्टीसाठी कापलेली उलव्याची टेकडी आणि उठविलेली गावे उद्घाटनाच्या चित्रात कशी यावीत?

ती आली असलीच तर अनवधानाने, आणि तीही आपल्याच घरांतील कपाटात. आपल्याकडे शवपेटीभोवती सारे कुटुंब उभे करून शेवटचे छायाचित्र काढण्याची रीत आहे. लग्नाचा, पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा फोटोही अंगणातच काढला जाई. छायाचित्रकाराचे लक्ष चेहऱ्यांवर असे. मागे मात्र कौलारू ओटी, विहिरीचा कठडा, पेंढ्याची उडवी आणि त्यापलीकडे खाडीपर्यंत पसरलेली शेते सहज येऊन जात. स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्याने हे सारे झाकले. अंगणातील फोटोने राखले. होमाईबाईंच्या चित्रांतही आता आमची नजर पुढाऱ्यांवरून ढळते आणि मागे दाटीवाटीने उभ्या असलेल्या, खालच्या ओळीत नाव नसलेल्या माणसांवर स्थिरावते.

कपाटातील त्या फोटोंच्या मागे बहुधा काहीच लिहिलेले नसते. कोण कोणाचे, गाव कोणते, शेत कोणाचे, हे ओळखणारी एखादी आजी अजून बहुतेक घरांत आहे.