तळहातावरची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. ‘वॅगन’ला आपण दिलेलं हे रूप मला फार आवडतं. माझ्या टेबलावर सध्या अशा एकतीस वाघिणी उभ्या आहेत आणि त्यातली एकही माझ्या मोबाइलइतकी लांब नाही.

ही ‘एन-स्केल’ची मॉडेलं. रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर, आणि अमेरिकी गाड्यांसाठी प्रमाण 1:160. खरा 40 फुटी डबा इथे साडेसात सेंटिमीटरच्या जरा पुढे जातो. 1960च्या दशकात जर्मनीतल्या आर्नोल्ड कंपनीने हे माप बाजारात रुजवलं. लहान घरातही लांबलचक मालगाडी मावते, ही त्याची खरी गंमत.

मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ राहतो. इथल्या एका जुन्या मॉडेलांच्या बाजारात मला एक नारिंगी डबा मिळाला. बाजूवर ‘पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेस’ असं नाव. विकणाऱ्या आजोबांनी बजावलं, “खोक्यातून काढू नकोस, किंमत उतरेल.” पुढच्याच आठवड्यात एका जाणकार मित्राने सांगितलं, की या रंगसंगतीला हा नंबर जुळत नाही.

डबे जमवणाऱ्यांची समीक्षा बहुतेक वेळा इथेच थांबते. छटा बरोबर आहे का? नंबर त्या काळातला आहे का? रिव्हेट पुरते आहेत का? त्यांना थट्टेने ‘रिव्हेट मोजणारे’ म्हणतात. मी त्यांची थट्टा करणार नाही. खऱ्या डब्यावरचं तीन इंची अक्षर या मापात अर्ध्या मिलिमीटरहून लहान होतं, तरी फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून वाचता येतं. ही करामत त्यांच्या हट्टामुळेच टिकली आहे. पण ही मुद्रितशोधकाची नजर झाली. पुस्तकात शुद्धलेखनाची चूक नाही, एवढ्यावर आपण पुस्तकाला चांगलं म्हणतो का?

म्हणून मी तो डबा वाचायला घेतला. छपरापासून.

छपराच्या चार कोपऱ्यांवर चार झाकणं आहेत. ही कंपनी 1906 साली युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या रेल्वेंनी मिळून काढली. कॅलिफोर्नियाची फळं-भाज्या पूर्वेच्या शहरांत न्यायची, म्हणून प्रत्येक डब्यात जवळपास पाच टन बर्फ भरायचा, आणि वाटेत तो पुन:पुन्हा भरत राहायचा. ती झाकणं त्यासाठी. झाकणापाशी उभा राहून बर्फाच्या लाद्या फोडून आत ढकलणारा माणूस मॉडेलमध्ये नाही.

छपराच्या मधोमध एक अरुंद वाट आहे. एअर ब्रेक येण्याआधी ब्रेकवाले चालत्या गाडीच्या छपरांवरून जात आणि एकेका डब्याचं ब्रेकचं चाक हाताने फिरवत. पावसात, बर्फात, रात्रीसुद्धा. 1893च्या कायद्याने एअर ब्रेक सक्तीचे झाले, तरी ती वाट पुढे कित्येक दशकं डब्यांवर राहिली.

आणि मग डब्यांची जोडणी. जुन्या पद्धतीत दोन डब्यांच्या मध्ये उभं राहून खिळा हाताने घालावा लागे. त्यात बोटं तुटत, माणसं चिरडत. ईलाय जॅनीने 1873 साली आपोआप अडकणाऱ्या जोडणीचं पेटंट घेतलं, आणि ती सक्तीची व्हायला त्याच 1893च्या कायद्याची वाट पाहावी लागली. एन-स्केलमध्येही ‘केडी’ने रुळाखालच्या चुंबकाने सुटणारी जोडणी आणली. तिची जाहिरात काय? हात लावावा लागत नाही! खऱ्या रुळांवर हात वाचावेत म्हणून ही सोय झाली, माझ्या टेबलावर आभास मोडू नये म्हणून.

स्टाइनबेकच्या ‘ईस्ट ऑफ ईडन’मध्ये अ‍ॅडम ट्रास्क बर्फात घातलेला लेट्यूस रेल्वेने न्यू यॉर्कला पाठवतो. वाटेत गाडी रखडते, माल सडतो आणि त्याचे पैसे बुडतात. कादंबरी डब्याचं दार उघडून आतला वास आपल्यापर्यंत आणते. मॉडेलचं दार बंदच राहतं. माल नाही, वास नाही, तोटा नाही. या कलेची सर्वांत मोठी मर्यादा मला हीच वाटते : ती भूतकाळाचा रंग जपते आणि घाम पुसून टाकते.

मग छपरावर एक छोटा माणूस चिकटवावा का? या मापात तो 11 मिलिमीटरचा होईल, आणि तशी माणसं विकतही मिळतात. मी चिकटवून पाहिला. तो एकाच ऐटीत कायमचा उभा. गाडी वळणावर झुकली तरी ढिम्म. दोन दिवसांनी काढून टाकला. रिकामी शिडी, रिकामी वाट आणि ब्रेकचं एकटं चाक त्याच्यापेक्षा जास्त बोलतात. ज्या हातांसाठी ते घडलं, त्या हातांचं माप त्यांच्यात उतरलेलं आहे. आपल्याला ते वाचायची सवय नाही, एवढंच.

म्हणून माझ्या दृष्टीने हा चुकीच्या नंबरचा डबा उत्तम आहे. त्याची शिडी नाजूक आहे, झाकणं नेमकी आहेत, वाट स्पष्ट आहे. खोकं मी कधीच फेकून दिलं. किंमत उतरली असेल. आता तो रोज संध्याकाळी रुळांवर धावतो, आणि वळणावर आला की मी आधी छप्पर बघतो. नंबर नंतर.