पानथरी कुठे गेली?

सिकलसेल शिकवणारे इंग्रजी व्हिडिओ दिसायला फार देखणे असतात. ऑक्सिजन कमी पडला की बिघडलेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि तिच्यामागे रांग लागते. पुस्तकातली दोन पानं अ‍ॅनिमेशनमध्ये अर्ध्या मिनिटात उरकतात आणि नीट समजतातही. मग पानथरी येते, म्हणजे प्लीहा. तिचा रक्तपुरवठा पुन्हा पुन्हा तुटतो, ती आक्रसत जाते आणि मूल पाचेक वर्षांचं होईपर्यंत जवळपास संपते. विद्यार्थी वहीत लिहितो: सिकलसेल, मोठं वय, प्लीहा हाताला लागत नाही.

माझी मावसबहीण एमबीबीएस करते आणि शिकायला आमच्याकडे फुलचूरला राहते. रात्री तिच्या खोलीतून दीडपट वेगाने बोलणारे अमेरिकन मास्तर ऐकू येतात. वॉर्डात तिला सिकलसेलचा एक तरुण पेशंट तपासायला मिळाला. पोटावर हात ठेवला तर बरगडीखाली पानथरी ठसठशीत लागत होती. निदानच चुकलं असावं, असं तिला आधी वाटलं. शिकवणाऱ्या मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "तू कोणत्या देशातला सिकलसेल वाचून आलीस?"

प्रश्न खोचक असला तरी नेमका होता. भारतात सिकलसेलचा जो जनुकीय प्रकार प्रामुख्याने आढळतो त्याला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात. त्यात जन्मानंतरही गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त प्रमाणात टिकून राहतं, त्यामुळे पेशी वाकण्याला काहीसा आवर बसतो. पानथरी पुष्कळदा लहानपणी आटत नाही, मोठेपणीही वाढलेली सापडते. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन रुग्णांमध्ये चित्र वेगळं, आणि व्हिडिओ त्यांच्यावरून बेतलेले. याचा अर्थ आपल्याकडचा आजार सौम्य, असा मात्र कुणी घेऊ नये. विदर्भातल्या वॉर्डांत वेदनेने तळमळणारी मुलं काही कमी नाहीत. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते 1958 साली. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली ती शेजारच्या मध्य प्रदेशात, शहडोलला. म्हणजे हा आमच्या भागासाठी कोपऱ्यातला दुर्मीळ आजार नाही. गोंदियात शिकणाऱ्या डॉक्टरला तो उठता-बसता भेटणार आहे.

मग व्हिडिओ चुकीचा होता का? नाही. तो दुसऱ्याच पेशंटबद्दल बरोबर होता. वैद्यकीय व्हिडिओंच्या दर्जाबद्दल बोलताना हीच गोष्ट निसटते असं मला वाटतं.

दर्जा मोजणाऱ्यांचे शोधनिबंध ढिगाने निघतात. त्यांची हत्यारं ठरलेली. एक म्हणजे 'डिस्कर्न' ही सोळा प्रश्नांची यादी, 1999 मध्ये प्रसिद्ध झालेली, आणि तीही मुळात रुग्णांना उपचारांची छापील माहिती पारखता यावी म्हणून केलेली. दुसरे 'जामा'चे 1997 चे चार निकष: लेखक कोण, माहिती कुठून घेतली, हितसंबंध उघड केले का, तारीख दिली का. हे निकष वाईट नाहीत, पण ते पाकिटावरचा पत्ता तपासतात. आत पत्र कुणासाठी आहे, ते नाही. आटलेल्या पानथरीचा व्हिडिओ या चारही निकषांवर पैकीच्या पैकी गुण घेऊ शकतो. रोगाचं वर्णन कोणत्या लोकसंख्येवरून केलं, हा रकाना त्या यादीत नाहीच.

बघणाऱ्यांची संख्या तर त्याहून निरुपयोगी. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे आकडे कशासाठी जमवतात याची थोडी कल्पना आहे. यूट्यूबने 2012 मध्ये व्हिडिओ सुचवताना नुसत्या क्लिकपेक्षा तो किती वेळ पाहिला गेला याला वजन द्यायला सुरुवात केली. माणूस खिळून राहिला की व्हिडिओ वर चढतो. तो काही शिकला की नाही हे त्या गणितात येत नाही, येणं शक्यही नाही. त्यात 2021 पासून नापसंतीचा आकडाही लोकांना दिसेनासा झाला.

आणि खिळून राहणं म्हणजे शिकणं नव्हे. आज 'व्हेरिटासियम' चालवणारा डेरेक मुलर याने सिडनीत पीएचडी केली ती भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर. सरळ, स्वच्छ समजावणारा व्हिडिओ पाहून विद्यार्थी म्हणाले, छान, सोपं, स्पष्ट. परीक्षेतले गुण जेमतेम हलले. ज्या व्हिडिओत आधी चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती खोडली, तो त्यांना गोंधळाचा वाटला, पण गुण त्याने वाढले. 2018 मध्ये कार्डस आणि ओब्रायन यांनी डार्ट फेकण्याचा व्हिडिओ काही जणांना एकदा आणि काहींना वीस वेळा दाखवला. वीस वेळा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास वाढला, नेम तसाच राहिला. डार्टच्या जागी सलाइनची सुई ठेवून पाहा.

मी स्वतः निम्मं प्रोग्रामिंग व्हिडिओ पाहून शिकलो, तेव्हा मला त्यांचं वावडं नाही. फरक एवढाच की मी रात्री पाहिलेलं चुकीचं समजलो असेन तर सकाळी कंपायलर तोंडावर सांगतो. पोटावर ठेवलेल्या हाताला तसं कुणी सांगत नाही, शेजारी अनुभवी माणूस उभा नसेल तर. नव्या अभ्यासक्रमात, म्हणजे 2019 पासून, प्रत्येक कौशल्यापुढे पातळी लिहिलेली असते: माहीत आहे, कसं करायचं माहीत आहे, करून दाखवतो, स्वतंत्रपणे करतो. व्हिडिओ पहिल्या दोन पायऱ्यांपर्यंत उत्तम सोबत करतो. जिथे शिकवायला माणसं पुरेशी नाहीत तिथे पुढच्या दोन पायऱ्याही त्याच्याच गळ्यात पडतात, आणि यात दोष व्हिडिओ बनवणाऱ्याचा नाही.

चांगलं काय, तेही सांगायला हवं. रॉबर्ट आक्लंड यांचा शरीररचनेचा व्हिडिओ अ‍ॅटलस मी बहिणीच्या लॅपटॉपवर पाहिला आणि एक शब्द नीट न कळताही अर्धा तास बसून राहिलो. खरा मृतदेह, तोही फॉर्मॅलिनने करडा न पडलेला. नमुना हळूहळू फिरतो, म्हणून कोणती नस कुणाच्या मागून जाते ते डोळ्यांना कळतं. आवाजात घाई नाही, विनोद नाहीत. माध्यमाला जे जमतं तेवढंच त्यांनी केलं. फिरणं कागदावर दाखवता येत नाही, म्हणून ते दाखवलं. 'निंजा नर्ड'चा पांढरा फळाही मला त्याच कारणासाठी आवडतो. चित्र आपल्यासमोर रेघेरेघेने वाढतं, त्यामुळे विद्यार्थ्याला वहीत सोबत काढता येतं. तयार चकचकीत अ‍ॅनिमेशनसोबत पेन चालत नाही.

रुग्णाशी बोलायला शिकवणाऱ्या व्हिडिओंची गोष्ट मात्र निराळी. ब्रिटनच्या 'गीकी मेडिक्स'मध्ये डॉक्टर नाव सांगतो, परवानगी घेतो, वेदना कुठून कुठे सरकते ते क्रमाने विचारतो. शिस्त शिकण्यासारखीच आहे. पण समोरचा पेशंट एकटा असतो आणि प्रश्नाचं सरळ उत्तर देतो. गोंदियाच्या ओपीडीत बाई सासू आणि दिरासह येते, उत्तरं सासू देते. "हाडं फुटून राहिली" म्हणजे सांधे की ताप? "जीव घाबरते" म्हणजे छातीत धडधड, मळमळ की नुसती भीती? कुणी पोवारीत बोलतं, कुणी छत्तीसगढी हिंदीत. या भाषेतून निदानापर्यंत जायचं कसं, हे दाखवणारा एकही बरा व्हिडिओ बहिणीला सापडला नाही, मलाही नाही. वैद्यकीय शिक्षण मराठीतून द्यावं यावर आपण वाद घालतो, पाठ्यपुस्तकांची भाषांतरं मोजतो. पेशंटची मराठी डॉक्टरला कळावी यासाठी कुणी कॅमेरा लावलेला नाही.

सापाचंही तेच. हा धानाचा जिल्हा, रोवणीच्या दिवसांत पाय चिखलात आणि झोप बऱ्याचदा जमिनीवर. अमेरिकन व्हिडिओतला साप रॅटलस्नेक, सूज आणि जखम दाखवणारा. आपल्याकडची मण्यार रात्री झोपेत चावते, खूण धड दिसत नाही, दुखत नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणत उठतो आणि हळूहळू पापण्या मिटायला लागतात. विषारी सापाचं चित्र डोक्यात सुजलेल्या पायाचं असेल तर या माणसाला आम्लपित्ताची गोळी देऊन घरी पाठवलं जाऊ शकतं.

घोणस आणि फुरसं रक्तावर हल्ला करतात. त्यासाठी छोट्या आरोग्य केंद्रातही होणारी तपासणी आहे. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून रक्त गोठलं का पाहायचं. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची नको. साबणाने धुतलेली असली तरी निकाल फसतो. मधेच उत्सुकतेने हलवली तरी फसतो. बहिणीला मी म्हटलं, याचा व्हिडिओ आपणच करू, घड्याळ शेजारी ठेवून, न कापता. ती म्हणाली, वीस मिनिटं नळीकडे कोण बघेल? मग म्हणाली, नळी कुठली आणायची ते मी लॅबमध्ये विचारते.