‘डिजिटल नेटिव्ह’ ही संकल्पना आणि विद्यापीठीय ऑनलाइन अध्ययन : एक चिकित्सा

अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये ‘डिजिटल नेटिव्ह’ ही संज्ञा रूढ केली. संगणक, व्हिडिओ गेम व इंटरनेट यांच्या सहवासात वाढलेली पिढी वेगळ्या पद्धतीने विचार करते. शिक्षक मात्र या प्रदेशात उशिरा आलेले ‘स्थलांतरित’ होत, अशी त्यांची मांडणी. विद्यार्थी ऑनलाइन अभ्यासास उपजतच सिद्ध आहे, हे सोयीस्कर गृहीतक याच मांडणीतून आले असल्याने तिची चिकित्सा आवश्यक ठरते.

बेनेट, मॅटन व केर्विन यांनी २००८ मध्ये या दाव्यास पुरेसा पुरावा नसल्याचे दाखविले. माहिती हाताळण्याचे कौशल्य केवळ जन्मसालामुळे प्राप्त होत नाही, असे किर्शनर व डी ब्रुइकेरे यांनी २०१७ मध्ये प्रतिपादन केले. खुद्द प्रेन्स्की २००९ मध्ये ‘डिजिटल शहाणपणा’कडे वळले. तथापि मूळ संज्ञेचा प्रभाव ओसरला नाही.

आपल्याकडे ‘डिजिटल पिढी’ म्हणजे बहुतांशी मोबाइलवर वाढलेली पिढी होय. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) ग्रामीण भागातील ४.४ टक्के, तर शहरी भागातील २३.४ टक्के कुटुंबांकडेच संगणक होता. मार्च २०२० नंतर याच कुटुंबांतील मुले ऑनलाइन वर्गात बसली. संदेश व चित्रफितींत सहज वावरणाऱ्या विद्यार्थ्यास लहानशा पडद्यावर दीर्घ लेख वाचणे, ध्वनिमुद्रित व्याख्यानाच्या नोंदी काढणे, स्रोताची विश्वासार्हता पारखणे अवघड जाते. व्याख्यान केव्हाही ऐकता येते, म्हणून ते लांबणीवर पडते. शंका विचारावी तर समोर चेहरा नसतो. साधनाशी असलेली सलगी म्हणजे अध्ययनाची क्षमता नव्हे, हा भेद येथे स्पष्ट होतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’द्वारे पूर्ण करण्याची मुभा दिली. विद्यार्थी तंत्रस्नेही आहे, एवढ्यावर विसंबून ही मुभा वापरल्यास अर्धवट सुटलेल्या अभ्यासक्रमाचा दोष त्याच्या आळसावर जाईल आणि अध्यापनातील उणीव दृष्टीआड राहील. म्हणून ऑनलाइन वाचन, टिपण व वेळेचे नियोजन ही कौशल्ये पहिल्याच सत्रात शिकविणे आणि शंकासमाधानासाठी प्राध्यापकांचा प्रत्यक्ष तास राखून ठेवणे, ही महाविद्यालयाची जबाबदारी ठरते.