मुदपाकखान्यातील अर्पण

ब्रदर लॉरेन्स यांच्या संवादांचे व पत्रांचे छोटेसे पुस्तक ‘देवसान्निध्याची साधना’ अशा अर्थाच्या नावाने जगभर वाचले जाते. युद्धात जखमी झालेले हे सैनिक १६४० साली पॅरिसच्या कार्मेल मठात दाखल झाले व १६९१ साली निवर्तले. मठाने त्यांना मुदपाकखान्यात नेमले.

ग्रंथाचे खरे मोल त्याच्या प्रांजळपणात आहे. लॉरेन्स यांना स्वयंपाकाची मुळातच नावड होती, हे त्यात लपविलेले नाही. नावडते काम देवप्रीतीखातर केल्याने त्याचे अर्पण झाले.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. देवाशी चाललेला संवाद ठळकपणे उमटतो. ज्यांच्यासाठी अन्न शिजते ते बंधू मात्र पडद्याआड राहतात. भुकेल्यांत प्रभूला ओळखण्यास शिकविणाऱ्या मत्तयच्या २५ व्या अध्यायासोबत हे पुस्तक वाचावे, असे आम्ही सुचवितो.

शिवाय, लॉरेन्स यांनी ही सेवा व्रत म्हणून स्वीकारली होती. घरातील एकीच्याच माथी सारे कष्ट मारून त्यांना ‘अर्पण’ म्हणणे हा ग्रंथाचा विपर्यास होय. आईने रांधावे आणि इतरांनी निदान भांडी विसळावीत. कुटुंबाचे अर्पण तेथून सुरू व्हावे.