यात देव आनंद नाही

‘हम दोनो’ म्हटलं की आमच्या छत्रपती संभाजीनगरात कुणीही 1961 सालच्या देव आनंदपाशीच जाऊन थांबतो. पण बुवा, ही त्याच नावाची तबकडी 1969 सालची, लंडनची. दोघांपैकी एक जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट, दुसरा मुंबईत जन्मलेला गोवेकर गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा.

हॅरियट तसा बंडखोर. 1960 सालीच ‘फ्री फॉर्म’ ध्वनिमुद्रित करून त्याने ठरल्या चालीला बिनपगारी रजेवर पाठवलं होतं. त्या मानाने इथे तो सभ्य वागतो. ‘फ्री’च्या आशेने येणाऱ्यांना हे सौम्य वाटेल, आणि त्यांचं अगदीच चूक नाही.

तरी मला हीच अधिक आवडते. 1966 साली जॉन मेयरबरोबर त्याने ‘इंडो-जॅझ सूट’ केला, तेव्हा हिंदुस्थान दाखवायला सतार-तबला हजर होता. इथे दोन्ही गैरहजर! जे काही आपलं आहे ते गिटारीतूनच झिरपतं. शिवाय नॉर्मा विन्स्टन शब्दांवाचून गाते. आपल्याकडे गवई पुढे, साथीदार मागे. ही बाई सरळ साथीदारांतच जाऊन बसते. ‘बॅलड फॉर गोवा’ आधी ऐका.

हॅरियट 1973 साली गेला, डिसिल्वा 1996 साली. मूळ तबकडी दुर्मिळ होऊन बसली होती, ती पुन्हा निघाली तेव्हा दोघंही नव्हते. आमच्या काउंटरवर याला म्हणतात, मयत खातेदाराच्या खात्यात जमा.