व्यसनविषयक लघुप्रबंध : नमुन्याबाहेरची माणसे

व्यसनाधीनतेवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या लघुप्रबंधांची एक ठरावीक घडण झाली आहे. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल असलेले रुग्ण, एक प्रश्नावली, टक्केवारीची कोष्टके आणि शेवटी 'गृहीतक सिद्ध झाले'. मार्गदर्शकाची स्वाक्षरी झाली की प्रकल्प पूर्ण होतो. येथे उणीव विद्यार्थ्याच्या परिश्रमांत नसून नमुना निवडीत आहे.

ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये व्हिएतनामहून मायदेशी परतलेल्या अमेरिकन सैनिकांचा अभ्यास केला. तेथे असताना सुमारे २० टक्के सैनिक हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या आहारी गेले होते. परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्यांपैकी सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. बहुतेकांनी उपचारकेंद्राची पायरीही चढली नव्हती. केवळ केंद्रातील रुग्णांवर विसंबणाऱ्या संशोधकाला ही माणसे भेटलीच नसती, आणि व्यसन सहसा सुटत नाही असा निष्कर्ष त्याने निःशंकपणे काढला असता.

आपल्याकडे अनिल अवचट यांनी 'गर्द'वर लिहिले ते मुक्तांगण उभे राहण्यापूर्वी, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात १९८६ साली ते केंद्र सुरू झाले, ते त्या लेखनानंतर. असे लेखन 'ललित' म्हणून संदर्भसूचीबाहेर ठेवणे अनाकलनीय आहे.

'अभ्यासाच्या मर्यादा' या प्रकरणात वेळ अपुरा पडल्याची नोंद असते, केंद्रात न आलेल्यांची नसते. आराखडा मंजूर करतानाच मार्गदर्शकाने त्यांच्याविषयी विचारले, तर निदान शीर्षकात 'केंद्रातील रुग्ण' हे दोन शब्द तरी घालावे लागतील.