‘राइटियस’ आणि ‘गुड’

‘राइटियस’ व ‘गुड’ या दोन्ही इंग्रजी विशेषणांस ‘सज्जन’ हा एकच प्रतिशब्द देण्याची प्रथा आम्हांस इष्ट वाटत नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात पौलाच्या रोमकरांस पत्रातील ५ व्या अध्यायाचे ७ वे वचन पाहावे. कोणत्या माणसासाठी दुसरा प्राण देण्यास धजेल, याची तेथे या दोन शब्दांनीच तुलना केली आहे. मूळ ग्रीकमध्येही शब्द दोन आहेत. दोन्हीकडे ‘सज्जन’ योजल्यास तुलनाच नाहीशी होते. आमच्या मते पहिला नियमाने चालतो, म्हणून आदरास पात्र ठरतो. दुसरा परोपकारी, म्हणून त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो. तेव्हा पहिल्यास ‘नीतिमान’ आणि दुसऱ्यास ‘भला’ म्हणणे योग्य. शिक्षकांनी प्रतिशब्द सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून संपूर्ण वाक्य वाचवून घ्यावे.